तांबट आळीच्या तीन कड्या

एका राज्यात तांबटांची एक आळी होती आणि ती कुणाला दिसत नव्हती. लोकांचे डोळे फुटले नव्हते. आळी जागच्या जागी होती, ओटे होते, कौलं होती, भट्ट्यांचा धूर होता. पण रस्त्यानं जाणारा माणूस तिथवर आला की त्याला समोर नुसतं धुकं दिसे, भर उन्हातलं धुकं, आणि तो वळसा घालून पुढं जाई. त्याचं कुणाला नवलही वाटत नसे. जे दिसत नाही ते नाहीच, असं धरून चालायची माणसाची खोड फार जुनी.

हे केलं होतं काकतुंड मांत्रिकानं. राजा सुवर्णकेतूच्या नगरात त्यानं आरसेबाजार वसवला होता. तिथं प्रत्येक दुकानावर एक मंतरलेला आरसा. आरसा असा, की दुकानातला माल सात कोसांवरच्या माणसाच्या डोळ्यांपुढं नाचावा. जेवताना नाचावा, आंघोळीला बसला तरी नाचावा. माणूस ओल्या अंगानं उठे आणि बाजाराकडं धावे. आरशाच्या बदल्यात मांत्रिक सोनं मागत नसे, रुपं मागत नसे. तो दुकानदाराची सावली मागे. सावली दिलेला दुकानदार भर दुपारी उन्हात उभा राहिला तरी पायाशी काळं पडत नसे. पुढं पुढं ती माणसं सगळी एकाच आवाजात बोलू लागत आणि एकसारखीच हसत. गिऱ्हाइकाला त्याचं काय? गिऱ्हाईक आरशात बघे.

मांत्रिक तांबट आळीतही आला होता. तांबट म्हणाले, "आम्हाला आरसा नको. आमचा माल बोलतो."

"बोलतो काय?" मांत्रिक म्हणाला. "मग त्याला दिसायची गरज नाही." त्यानं मूठभर राख आळीच्या तोंडाशी फुंकली आणि तो निघून गेला.

तांबटांचं म्हणणं अर्धं खरं होतं. माल चांगला होता. पण बोलत मात्र कुणी नव्हतं, ना माल, ना तांबट. कधीकाळी एकाच्या आजोबानं दुसऱ्याच्या आजोबाची मोरपिशी मठार खिडकीतून पाहून चोरली म्हणे. मठार म्हणजे तांब्यावर हातोडीनं उठवलेली नक्षी. तेव्हापासून आळीत सगळे दार लावून काम करायचे. आपला शिक्का भांड्याच्या बुडाला मारायचे, म्हणजे शेजाऱ्याला दिसू नये. आणि गिऱ्हाइकानं आपल्याकडं नसलेली वस्तू मागितली, तर एकच उत्तर द्यायचे, "मिळत नाही." समोरच्याकडं मिळते हे ठाऊक असलं तरी, "मिळत नाही." शेजाऱ्याचं नाव गिऱ्हाइकापुढं घेणं म्हणजे स्वतःची भट्टी विझवणं, अशी त्यांची समजूत. असली समजूत घेऊन बसलेल्यांना शाप द्यायला मांत्रिक तरी कशाला लागतो? पण आला खरा.

या आळीत येसू तांबटीण राहायची. नवरा गेला तेव्हा आळीतले म्हणाले, बाईनं हातोडी धरायची नसते. तिचा सासरा धोंडजी म्हणाला, "तुमच्या हातोड्या तरी कुठं तुम्हाला धरता येतात?" आणि त्यानं आपली हातोडी सुनेच्या हातात दिली. येसू हंडे आणि घागरी घडवू लागली. हात असा बसला की तिच्या हंड्यात ओतलेलं पाणी दुपारपर्यंत पहाटेसारखं गार राही.

पण शाप पडला आणि हंडे ओट्यावर तसेच राहिले. आणि शापाचं पुढचं पाऊल असं, की ज्याचं दुकान दिसत नाही, तो माणूसही हळूहळू दिसेनासा व्हायचा. म्हातारी माणसं आधी. एका सकाळी धोंडजी खाटेवर उठून बसला आणि खाली बघत राहिला.

"सूनबाई, माझे पाय कुठं गेले?"

"आहेत, मामंजी. दिसत नाहीत इतकंच."

"हात लावून बघ."

येसूनं हात लावला. पाय होते, गार होते. "आहेत," ती म्हणाली.

"मग वहाणा दे," म्हातारा म्हणाला. "दिसत नसले म्हणून काय काट्यावर टाकू?"

तो हसला, पण येसूला हसू आलं नाही. गुडघे गेले की कंबर जाणार, कंबर गेली की छाती, आणि ज्या दिवशी डोकं जाईल त्या दिवशी श्वासही जाणार, हे आळीत सगळ्यांना ठाऊक होतं. त्यातच दवंडी पिटली गेली. येत्या अमावस्येला महाराज हत्तीवरून नगराची पाहणी करणार, आणि जी जागा त्यांच्या डोळ्यांना ओसाड दिसेल ती आरसेबाजाराला जोडली जाणार. आळीतले तांबट दारं लावून आत बसले. येसू ओट्यावर बसली आणि तिनं कपाळाला हात लावला.

तिच्या छपरावर एक साळुंकी होती. शाप माणसांच्या डोळ्यांवर होता, पाखरांच्या नव्हे. साळुंकी खाली उतरली, हंड्याच्या काठावर बसली आणि म्हणाली, "कपाळ बडवून तांबं वाकत नाही. हातोडी कशाला दिली आहे?"

"तुला बोलता येतं?"

"मला पहिल्यापासून येतं. तुम्हालाच येत नाही, म्हणून तर ही वेळ आली." साळुंकीनं मान वाकडी केली. "ऐक. शापाला तीन कड्या आहेत. एक कानाची, एक हाताची, एक जिभेची. फुकट उघडतात, म्हणून आजवर कुणी हात लावला नाही. फुकटच्या गोष्टीवर तांबटाचा विश्वास नाही."

"पहिली कशी उघडायची?"

"डोळे बांधले आहेत लोकांचे. कान बांधलेत का?"

येसूनं ऐरण उचलली. आळीत कुणी कधी केलं नव्हतं ते केलं. दार उघडं टाकून ऐरण आळीच्या तोंडाशी, जिथं धुकं संपतं आणि रस्ता सुरू होतो तिथं, नेऊन ठेवली आणि तांबं ठोकायला लागली. ठण ठण ठण. रस्त्यावरच्या माणसांना धुक्यातून आवाज आला, माणूस दिसेना. एक भाजीवाली टोपली टाकून पळाली. एका पुजाऱ्यानं लांबून अंगारा फेकला, तो येसूच्या डोळ्यांत गेला. गावभर झालं की धुक्यात हडळ ठोकते आहे.

धोंडजी ओट्यावरून बघत होता. आता त्याची कंबरही गेली होती. "सूनबाई, काल कुणी येत नव्हतं. आज पळून जातात. प्रगती आहे."

येसू चिडली. साळुंकीला म्हणाली, "हेच का तुझं शहाणपण?"

"मन मानेल तेव्हा वाजवलंस तर भूत होशील," साळुंकी म्हणाली. "रोज त्याच वेळेला वाजव. मग तुझ्यावाचून लोकांचं पान हलणार नाही."

मग येसूनं नेम धरला. सकाळी सूर्याची कोर डोंगरावर आली की ठोके सुरू. दुपारी बंद. गुरं परतताना पुन्हा सुरू. अंग दुखलं तरी, तांबं संपून जुनाच पत्रा पुन्हा ठोकावा लागला तरी. आधी लोक घाबरले, मग सरावले, मग त्या ठोक्यांवर गवळणी धारा काढायला बसू लागल्या, पाणके घागरी उचलू लागले. धुक्यातली हडळ आता नगराचं घड्याळ झाली. खुद्द महाराज त्या ठोक्यांवर उठून बसू लागले आणि ठोके कुठून येतात हे विचारायचं त्यांच्या डोक्यात आलं नाही. राजेच ते.

एका सकाळी ऐरणीचा लाकडी ठोकळा सरकला, तो बसवण्यात येसूला उशीर झाला. रस्त्यावर एक गवळण थांबली. धुक्याकडं तोंड करून म्हणाली, "अगं बाई, आज ठोके नाहीत? बरी आहेस ना?"

त्याच क्षणी धुक्यात कुठंतरी लोखंडाची कडी गळून पडल्याचा आवाज झाला. येसूनं हातोडी उचलली आणि जोरात तीन ठोके दिले. "आहे हो," म्हणाली.

"दुसरी हाताची," साळुंकी म्हणाली. "काहीतरी दे. थोडंच दे, पण असं दे की रोज त्यांच्या हाताला लागेल."

आळीबाहेर येसू अजून दिसत होती. ती कल्हईचं सामान आणि तांब्याची कात्रणं घेऊन नदीच्या घाटावर जाऊन बसली. बायका पाण्याला येत. कुणाची घागर गळे, कुणाच्या हंड्याला चीर. येसू म्हणे, "आण इकडं," आणि तेवढंच भोक बुजवून देई. बदल्यात काही घेत नसे. बायकांना आधी संशय आला. एक ठसकेबाज बाई म्हणाली, "फुकट देतेस, म्हणजे नंतर काहीतरी मागणार."

"मागणार," येसू म्हणाली. "हे कुणी केलं असं कुणी विचारलं, तर माझं नाव सांग."

प्रत्येक ठिगळ ती एकाच आकाराचं कापत होती, पंख पसरलेली साळुंकी. आणि भोक कुठंही असो, घागर उचलताना जिथं तळहात टेकतो तिथं, घागरीच्या खांद्यावर, आणखी एक साळुंकी बसवून देत होती. घरी धोंडजीला हे कळलं तेव्हा म्हातारा तापला. छातीपर्यंत नाहीसा झाला होता, पण आवाज शाबूत होता.

"आपल्या घराण्याचा शिक्का बुडाला असतो. माझ्या बापानं बुडाला मारला, त्याच्या बापानं बुडाला मारला."

"बुडाला कोण बघतं, मामंजी?"

म्हातारा विचारात पडला. "चूल," तो शेवटी म्हणाला.

"चूल गिऱ्हाईक आणते का?"

"नाही," धोंडजी म्हणाला. मग पुटपुटला, "बाप माझा शहाणा होता, पण त्याला कुणी हे विचारलं नाही."

नगरातल्या बायकांचे तळहात रोज त्या साळुंकीवर टेकू लागले. डोळे मिटले तरी बोटांना ती कळे. आणि झालं असं, की ती ठसकेबाज बाई घागर कडेवर घेऊन, ठोक्यांच्या दिशेनं, डोळे गच्च मिटून चालू लागली. हात साळुंकीवर, पाय रस्त्यावर. डोळे मिटलेल्याला धुकं कुठलं? ती थेट आळीत शिरली आणि येसूच्या ओट्याला तिचा गुडघा आपटला. दुसरी कडी गळून पडली. सगळ्या आळीनं ती ऐकली. दारं किलकिली झाली. आळीत गिऱ्हाईक आलं होतं.

"बाई," ती डोळे मिटूनच म्हणाली, "पूजेला ताम्हण पाहिजे. आहे का?"

येसू हंडे करायची, घागरी करायची. ताम्हणं, पळ्या, पंचपात्रं समोरचा केरोबा करायचा. त्याच्याच आजोबानं मठारीच्या चोरीचा आरोप धोंडजीच्या बापावर केला होता. दोन्ही घरं तेव्हापासून बोलत नव्हती. केरोबा समोर दाराच्या फटीतून बघत होता. आणि येसूच्या तोंडून, विचार करायच्या आत, पिढ्यान्‌पिढ्यांचं उत्तर निघून गेलं.

"मिळत नाही."

"मिळत नाही तर मग बोलावलंस कशाला?" बाई म्हणाली. तिनं डोळे उघडले. समोर धुकं. ती वळली आणि निघून गेली, आणि घाटावर जाऊन सांगितलं की तिथं काही नाही, पाय दुखवू नका. पडलेल्या दोन कड्या पडल्याच राहिल्या, पण तिसरी अशी आवळली की आळीतल्या सगळ्यांना श्वास घ्यायला जड झालं. येसू मागं वळली. खाटेवर धोंडजीचा गळा तेवढा उरला होता, आणि वर डोकं.

कड्या पडल्याचा आवाज मांत्रिकानंही ऐकला होता. दुसऱ्या दिवशी, अमावस्येच्या सकाळी, तो आरसा घेऊन येसूच्या ओट्यावर आला.

"बाई, तू हुशार आहेस," काकतुंड म्हणाला. "हा आरसा घे. तुझं एकटीचं दुकान दिसेल. म्हातारा दुपारच्या आत पायावर उभा राहील. सावली तेवढी दे. सावलीचा तुला उपयोग काय?"

येसूनं आपल्या सावलीकडं पाहिलं. मग म्हाताऱ्याच्या डोक्याकडं पाहिलं. कुणी काही म्हणो, तिनं हात पुढं केला होता.

"सूनबाई," धोंडजी म्हणाला.

"बोलू नका, मामंजी. तुम्ही जाल."

"जाईन. पण तू सावली विकून मला उभा केलंस, तर रोज सकाळी तुझ्या पायाशी बघेन आणि रोज मरेन. एकदाच मरू दे. स्वस्त पडेल."

येसूनं हात मागं घेतला. मांत्रिक हसला आणि ओट्यावरच बसला. "बरं. महाराज येताहेत. बघू."

राजा सुवर्णकेतू पांढऱ्या हत्तीवरून आळीच्या तोंडाशी आला. समोर धुकं. "इथं काय आहे?" त्यानं विचारलं.

"काही नाही, महाराज," मांत्रिक धुक्यातून बाहेर येऊन म्हणाला. "ओसाड जागा."

तेवढ्यात येसूनं ऐरणीवर घाव घातला. ठण ठण ठण. महाराजांनी हात वर केला आणि हत्ती थांबला.

"हे तर माझे ठोके," महाराज म्हणाले. "ओसाड जागेत तांबं कोण ठोकतं?"

"डोळे मिटा, महाराज," येसू धुक्यातून म्हणाली, "आणि खाली उतरा."

दरबारी कुजबुजले. राजाला असं कुणी सांगत नसतं. पण महाराजांना त्या ठोक्यांची सवय लागली होती, आणि सवयीपुढं राजाही रयत. ते उतरले. येसूनं पुढं केलेल्या घागरीवर हात ठेवून, डोळे मिटून आत चालत आले.

"कारागीरबाई," महाराज म्हणाले, "लेकीचं लग्न आहे. कन्यादानाला ताम्हण हवं. आरसेबाजारात बघितली. आरशात सुरेख दिसतात, पाणी घातलं की गळतात. तुझ्याकडं मिळेल?"

केरोबाच्या दाराची फट जराशी रुंद झाली. येसूच्या जिभेवर तेच दोन शब्द येऊन उभे राहिले. खाटेवर धोंडजीची हनुवटी गेली. तिनं ते दोन शब्द गिळले. ते गिळणं हातोडी गिळण्यासारखं होतं.

"मी ते करत नाही, महाराज. ताम्हण समोर मिळेल. केरोबा तांबट करतो. त्याच्यासारखं ताम्हण मला जन्मात जमणार नाही."

समोरच्या ओट्यावरचं धुकं फाटलं. केरोबाचं दुकान लखलखीत दिसू लागलं, ताम्हणं, पळ्या, दारात अर्धा आत अर्धा बाहेर उभा असलेला केरोबा. दरबारी डोळे फाडून बघत राहिले. पण येसूच्या ओट्यावरचं धुकं तसंच होतं. महाराजांच्या हातातली घागरही विरघळल्यासारखी झाली.

मांत्रिक मांडीवर थाप मारून हसला. "नाव ज्याचं घेतलं, तो दिसला. स्वतःचं नाव स्वतः घेऊन ही कडी उघडत नाही, बाई. शेजाऱ्याचं दुकान उजळलंस, तुझं मिटलं."

येसूनं सासऱ्याकडं पाहिलं. दोन डोळे उरले होते. ते तिच्याकडंच बघत होते.

महाराजांनी डोळे उघडले, समोरच्या ओट्यावर जाऊन ताम्हण उचललं, पाणी घालून पाहिलं, वाजवून पाहिलं. "नग चांगला आहे," ते केरोबाला म्हणाले. "आता वऱ्हाडाला पाण्याचे हंडे लागतील. तुझ्याकडं आहेत?"

केरोबा दारातून बाहेर आला. तोंड उघडलं, मिटलं. कपाळाला घाम आला. बाप, आजा, पणजा सगळे त्याच्या गळ्यात येऊन बसले होते.

"मिळ..." तो म्हणाला.

आळीत कुणी श्वास घेईना.

"मिळतील," केरोबा खाली बघत म्हणाला. "समोर. धोंडजीची सून करते. येसू." मग थोडं थांबून, दात काढून घेतल्यासारखा म्हणाला, "बरे करते." आणि मग महाराज अजून वाट बघत आहेत असं पाहून, "बरे म्हणजे, माझ्या घरचं पाणी तिच्याच हंड्यात असतं. बायकोनं लपवून आणला. मला ठाऊक आहे. मी बोललो नाही."

तिसरी कडी पडली. ती पडताना असा आवाज झाला की आरसेबाजारातले सगळे आरसे एकदम आंधळे झाले, साधी काच उरली. येसूचा ओटा दिसू लागला, हंडे दिसू लागले. खाटेवर धोंडजी डोक्यापासून वहाणांपर्यंत पुरा बसला होता.

"लपवून आणला?" धोंडजी म्हणाला. "केरोबा, तुझी बायको आळीत एकटी शहाणी."

"काका, गप्प बसा," केरोबा म्हणाला. आळीत पहिल्यांदाच त्यानं धोंडजीला काका म्हटलं होतं.

मग महाराजांनी परातीचं विचारलं, येसूनं कोपऱ्यावरच्या मालोजीचं नाव घेतलं. मालोजीनं बंबासाठी शेवटच्या घरातल्या तुकोजीचं घेतलं. नाव घेतलं की ओटा दिसे, ओटा दिसला की तिथला माणूस पुढचं नाव घेई, आणि धुकं आळीच्या टोकापर्यंत असं सरकत गेलं जशी पहाट गल्लीतून सरकते. आरशांतून सुटलेल्या सावल्या रस्त्यानं धावत आपापल्या मालकांच्या पायाशी येऊन पडल्या. दुकानदार एकमेकांकडं बघून पुन्हा आपापल्या आवाजात भांडू लागले.

काकतुंड मांत्रिक पुढं आला, पण त्याच्याकडं कुणी बघेना. महाराजांनी बघितलं नाही, दरबाऱ्यांनी बघितलं नाही, हत्तीनं तर नाहीच. तो ओरडला, तेही कुणाला ऐकू गेलं नाही. तसाच चालत तो नगराबाहेर गेला, आणि पुन्हा त्या राज्यात कुणी त्याला पाहिलं नाही.

महाराजांनी हुकूम केला की या राज्यात कुणी कुणाची सावली घेणार नाही. मग ते हत्तीवर चढले. चढता चढता खाली वाकून येसूला म्हणाले, "उद्याचे ठोके चुकवू नकोस."

"तुम्ही उठायचं चुकवू नका, महाराज," येसू म्हणाली.

राजकन्येचं लग्न झालं, वऱ्हाड गार पाणी प्यालं, आणि सोयऱ्यांच्या राज्यातूनही माणसं हंडा कुठला म्हणून विचारत आली. जी केरोबाकडं आली ती येसूकडं गेली, जी येसूकडं आली ती केरोबाकडं गेली, आणि मधल्या वाटेवर गवत उगवायचं बंद झालं.

तांबं तापलं, तांबं निवालं, कहाणी घडून झाली. उठा आता, आपापली दारं उघडा.